कट्टीचा तक्ता

चाचणी परीक्षेत मुलांनी शेजाऱ्याचं बघून लिहू नये म्हणून शिक्षक काय काय उपद्व्याप करतात, यावर अजून कोणी प्रबंध लिहिलेला नाही. पुढेमागे कोणी लिहिलाच, तर त्यात माझ्यासाठी एक प्रकरण राखून ठेवावं, एवढीच माझी नम्र अपेक्षा आहे. प्रकरण नाही तर निदान तळटीप. मी भूगोलाचा माणूस, आणि गुणपत्रिकेत भूगोल सगळ्यात खाली येतो, त्यामुळे पानाच्या तळाशी राहायची मला सवय आहे.

सातवी ब हा माझा वर्ग. पहिल्या चाचणीत मी खाऱ्या वाऱ्यांवर दोन प्रश्न विचारले होते, तिसरा आणि चौथा. दोन्हींचं उत्तर जवळपास एकच होतं. वर्गाची मॉनिटर, दोन वेण्या आणि अपार आत्मविश्वास असलेली मुलगी, हिने तिसऱ्याचं उत्तर व्यवस्थित लिहिलं आणि चौथ्याखाली फक्त ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून मोकळी झाली. इथवर ठीक होतं. पण अर्ध्या वर्गाने चौथ्या प्रश्नाला ‘वरीलप्रमाणे’ हेच उत्तर लिहिलं, आणि त्यातल्या कित्येकांनी तिसरा प्रश्न सोडवलाच नव्हता. एका पठ्ठ्याने तर पेपराची सुरुवातच चौथ्या प्रश्नाने केली होती. त्याच्या ‘वरीलप्रमाणे’च्या वर शाळेच्या नावाखेरीज काहीही नव्हतं.

नेमके तेच पेपर मुख्याध्यापिकाबाईंनी तपासणीसाठी मागवले. बाई कधी आवाज चढवत नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवतात, आणि त्या चष्म्याच्या काचा आपल्याकडे बघत राहतात.

“वारे आपल्या शाळेच्या नावामुळे वाहतात, हे मला माहीत नव्हतं,” बाई म्हणाल्या. मी छताकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “सर, पुढच्या चाचणीत एका बाकावर दोन सारखी उत्तरं दिसली, तर सातवी ब मी कवायतीच्या सरांकडे देणार आहे.”

कवायतीचे सर माणूस म्हणून चांगले आहेत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण वर्ग म्हणजे आडवी पडलेली रांग, अशी त्यांची समजूत आहे. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि ती ते स्टाफरूममध्ये चहा मागवायलाही वाजवतात. माझी पोरं पाचवीपासून माझ्याकडे आहेत. कोणाला ओरडलं की रडू येतं, कोणाला हसू येतं आणि कोणाला पोटात दुखतं, हे मला पाठ आहे. शिट्टीने त्यांचं काय होईल हे मनात येऊन त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला माझा वर्ग सोडायचा नव्हता.

माझी अडचण घरात कळली म्हणजे इमारतीत कळली. वरच्या मजल्यावर निवृत्त हिशेबनीस काका राहतात. निवृत्त झाल्यापासून ते फक्त दुसऱ्यांच्या अडचणी तपासतात. त्यांनी सुचवलं की वर्गाच्या मागच्या भिंतीवर आरसा लावा. शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बसावं, म्हणजे मुलांना वाटेल सरांचं लक्ष नाही. आरसा मागच्या भिंतीवर आणि माझं तोंड पुढच्या भिंतीकडे, तर मला दिसणार कसं, हे मी विचारलं. तेव्हा काका म्हणाले की तपशील तुम्ही बघा, मी धोरण सांगितलं. समोरच्या शिंपीणवहिनींचं मत पडलं की प्रत्येक मुलाला घोड्याला लावतात तशी झापडं शिवून द्यावीत. कापड उरलेलं आहे, शिलाई घेणार नाही. बायको म्हणाली, “मुलांना येईल असं शिकवलं तर?” या सूचनेवर कोणी फारशी चर्चा केली नाही.

आरशाचा प्रयोग मी केला, हे सांगायला लाज वाटते. फळ्याच्या वर टांगला, म्हणजे मुलांकडे पाठ करूनही ती दिसतील. मी फळ्यावर लिहीत असताना सगळा वर्ग भांग पाडायला लागला. मागच्या बाकावरच्या एकाला आपलं नाक एका बाजूला कललेलं आहे हा शोध लागला आणि तो आठवडाभर उदास होता. आरसा घरी परत आला.

खरी कल्पना सुचली ती जेवणाच्या टेबलावर. माझी मुलगी आणि मुलगा तिथे अभ्यासाला बसतात. एरवी दोघांची गणितं हुबेहूब असतात, चुकांसकट. त्या दिवशी त्यांचं खोडरबरावरून वाजलं होतं आणि कट्टी झाली होती. मुलीने वहीभोवती कोपराची तटबंदी उभारली होती, आणि मुलगाही मान ताठ करून भिंतीकडे बघत होता. तिने आपणहून दाखवलं असतं तरी त्याने बघितलं नसतं. मी घास हातात धरून थांबलो. पहारेकरी नको, आरसा नको, झापडं नकोत. ज्यांची कट्टी आहे त्यांना एका बाकावर बसवायचं. बस्स.

शास्त्रज्ञांना अशा वेळी काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “अहो, मुलांची भांडणं मिटवायचा पगार मिळतो तुम्हाला, की वापरायचा?” शास्त्रज्ञांच्या बायकाही असंच म्हणत असाव्यात.

आता कोणाची कोणाशी कट्टी आहे हे शोधणं आलं. मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेला उभा राहून कोण कोणाला डब्यातलं देत नाही हे बघू लागलो. माझ्याकडे बघून मुलं मलाच डब्यातलं देऊ लागली. मग मॉनिटरला विश्वासात घेतलं. तिने एका दमात जी माहिती दिली ती ऐकून मी खुर्चीत बसलो. मला वाटलं होतं सातवी ब म्हणजे एक सुखी कुटुंब. प्रत्यक्षात तिथे वहीवरून, पेनावरून, चिडवण्यावरून, चिडवलं नाही यावरून, वाढदिवसाला न बोलावण्यावरून आणि बोलावून केक कमी देण्यावरून अबोले चालू होते. सगळ्यात मोठा अबोला जिराफ आणि लवंगीचा. जिराफ उंच, लवंगी बुटका आणि तिखट. पाचवीपासून या जोडीत एकाच्या दप्तरातून दोघांच्या वह्या निघायच्या. फुटबॉलच्या एका गोलवरून बिनसलं, आणि चांगला महिनाभर दोघं एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. मला खूप वाईट वाटलं आणि फार आनंद झाला.

घरी ड्रॉइंगचे कागद जोडून मी मोठा तक्ता केला. नावं गोलात, कट्टीच्या रेघा लाल. तो टेबलभर पसरल्यामुळे घरच्यांना ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागलं. हिशेबनीस काका तक्ता बघून हरखले. त्यांनी लगेच रागाची येणी आणि देणी वेगळी काढली: हा तिच्यावर रागावलेला आहे, पण तिला त्याचा पत्ताच नाही, असला राग बुडीत धरावा. शिंपीणवहिनींनी उरलेल्या कापडातून कात्रीने जोड्या कापून दाखवल्या. इमारतीतल्या लोकांना माझ्या वर्गातल्या भांडणांत इतका रस निर्माण झाला की भाजी आणायला जाताना लोक विचारायचे, त्या लवंगीचं काय झालं?

पण राग टिकाऊ नसतो, ही अडचण होती. सकाळी लाल केलेली रेघ दुपारी पुसावी लागे. रबराने कागदाला भोकं पडली. आणि गोळी नावाच्या मुलाचं तर काय करावं कळेना. हा गोल, हसरा मुलगा. याचं कोणाशीच वाकडं नाही. त्याला चिडवलं तरी तो चिडवणाऱ्याला बिस्किट देतो. तक्त्यात त्याच्या गोलातून एकही रेघ निघेना. ही बातमी त्याच्या आईपर्यंत कशी गेली देव जाणे, पण त्या शाळेत आल्या. मला वाटलं, मुलांच्या भांडणांची टेहळणी करतो म्हणून बोलणी खावी लागणार. पण या आईचं दुःख वेगळंच होतं. सगळ्यांना शत्रू मिळाले आणि आमच्याच मुलाला का नाही, त्याच्यात काही कमी आहे का, असं त्या डोळ्यांत पाणी आणून विचारत होत्या. मी त्यांना म्हणालो की त्याला मी माझ्या टेबलापाशी स्वतंत्र बसवणार आहे. हा मान समजून त्या समाधानाने गेल्या.

तक्ता तयार झाला, तेव्हा ऑफिस आडवं आलं. बैठक व्यवस्था बदलायची तर हेडक्लार्ककडे अर्ज लागतो आणि अर्जात कारण लागतं. मी ‘कट्टी’ लिहिलं. त्यांनी ते खोडून शुद्ध भाषेत लिहायला सांगितलं. मी ‘परस्पर वैमनस्य’ लिहिलं. हेडक्लार्कनी ते दोनदा वाचलं आणि कपाटातून नियमांची फाइल काढली. विद्यार्थ्यांत वैमनस्य असल्याचं लेखी आढळलं, तर तंटा निवारण समितीची बैठक घेऊन ते मिटवणं बंधनकारक होतं. अशी समिती शाळेत आहे हे मला ठाऊक नव्हतं. अध्यक्ष कोण, असं मी विचारलं.

“तुम्हीच की,” हेडक्लार्क म्हणाले. “तुम्ही रजेवर होतात त्या दिवशी नेमणूक झाली.”

आता माझी अवस्था बघा. वर्गशिक्षक म्हणून मला चाचणीपर्यंत भांडणं जपायची होती आणि अध्यक्ष म्हणून ती मिटवायची होती. मी बैठक बोलावली. जिराफ आणि लवंगीला समोर उभं केलं. असं भांडणं बरं नव्हे, असं मी इतक्या पडेल आवाजात म्हणालो की मला स्वतःलाही ते पटलं नाही. लवंगी म्हणाला, “याने माझा गोल होता तो नाही म्हटलं, सर.” मी म्हणालो, मग राग येणं स्वाभाविकच आहे. समितीतल्या चित्रकलेच्या बाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. बैठक निष्फळ झाल्याचं मी मोठ्या समाधानाने नोंदवलं, आणि घरी जाताना स्वतःचाच मला इतका राग आला की दोन गल्ल्या जास्तीच्या चाललो.

तोवर हेडक्लार्कनी सल्ला दिला होता की वैमनस्य काढून टाका, कारण ‘अपुरा उजेड’ लिहा, लगेच मंजूर होईल. तसं लिहिलं, मंजूर झालं. पण उजेड अपुरा असल्याचं लेखी आल्यावर ऑफिसने आपल्या पद्धतीने ते इमारत खात्याकडे कळवलं, आणि याचा मला कोणी पत्ता लागू दिला नाही.

चाचणीचा दिवस उजाडला. मी तक्ता हातात धरून एकेकाला जागेवर बसवलं. प्रत्येक बाकावर दोन शत्रू, मध्ये दप्तराची भिंत, तोंडं दोन दिशांना. जिराफ खिडकीकडे वळून, लवंगी दाराकडे. गोळी माझ्या टेबलापाशी, सगळ्यांकडे बघून हसत. पेपर वाटले आणि जी शांतता पसरली तशी शांतता मी माझ्या नोकरीत कधी ऐकली नव्हती. कोणी कोणाकडे पेन मागेना. एका मुलीचं खोडरबर घरंगळत शेजारणीच्या पायाशी गेलं, तर ते मागण्याऐवजी तिने चूक तशीच ठेवली. मी हात पाठीमागे बांधून फिरत होतो. मनातल्या मनात मी इतर शाळांना मार्गदर्शनपर भाषण देत होतो.

तेवढ्यात दार ढकलून शिडी आत आली. शिडीच्या मागून वायरमन आला. अपुऱ्या उजेडाची तक्रार आहे म्हणाला. मी त्याला खुणेने परीक्षा चालू असल्याचं दाखवलं, त्याने मला खुणेने साहेबांची सही दाखवली. त्याने वर्गाच्या मधोमध शिडी लावली, वर चढला आणि दिवे बंद केले. उजेड खरोखरच अपुरा झाला. अंधुक वर्गात दोन-दोन शत्रू शेजारी शेजारी बसलेले, वरून धूळ पडतेय आणि मी शिडी धरून उभा, अशा अवस्थेत मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या. त्यांच्या मागे कवायतीचे सर होते. वर्ग ताब्यात घ्यायला आल्यासारखा त्यांनी शिट्टीला हात लावला होता.

बाईंनी शिडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. या अंधारात मुलं काय करत असतील ते सांगायला नको, असं त्या म्हणाल्या. तेव्हा वरून आवाज आला.

“बाई, मी वरून बघतोय मघापासून,” वायरमन म्हणाला. “सगळ्यांच्या माना आपापल्या कागदात आहेत. माझ्या शिडीकडेसुद्धा कोणी बघितलं नाही. काही बिनसलंय का पोरांचं?”

बाईंनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. वेळ संपल्यावर त्यांनी स्वतः पेपर गोळा केले आणि बाकानुसार जोड्या लावून आपल्या खोलीत नेऊन वाचायला बसल्या. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं करत त्यात डोकावत होतो. ज्वालामुखी का होतो, या प्रश्नाला एकाने ‘पृथ्वीच्या आत जागा संपते’ असं लिहिलं होतं, तर त्याच्याच बाकावरच्याने ‘सवयीने’. समुद्राची खोली एका मुलीच्या मते दोरीने मोजतात आणि तिच्या शेजारणीच्या मते मोजत नाहीत, नुसती सांगतात. पाचव्या प्रश्नाला जिराफने अर्धं पान भरून बरोबर उत्तर लिहिलं होतं आणि लवंगीची जागा कोरी होती. एका बाकावर दोन सारखी उत्तरं सापडेनात. इतक्या प्रकारे चुकता येतं हे बाईंनाही नवीन असावं.

“निकाल फार वाईट लागणार आहे,” बाई शेवटी म्हणाल्या. “पण प्रत्येकाचा स्वतःचा आहे. वर्ग तुमच्याकडेच राहू द्या.” कवायतीच्या सरांनी उदार मनाने माझा हात हातात घेतला. सुटकेच्या सुरात हसल्यासारखे वाटले मला ते. बहुधा त्यांनी ज्वालामुखीची उत्तरं मागून वाचली होती.

ही बातमी मुलांना सांगावी म्हणून मी वर्गात गेलो. दारातच थबकलो. जिराफ आणि लवंगी एका डब्यातून खात होते. खोडरबरवाली आपल्या शेजारणीच्या वेणीची रिबीन बांधत होती. वर्गभर नुसता गलका चालला होता आणि माझ्या तक्त्यातली एकही लाल रेघ जागेवर राहिलेली नव्हती. मी मॉनिटरला जवळ बोलावलं आणि ही कट्टी मिटली कधी ते विचारलं.

“परवा,” ती म्हणाली. “जिराफ-लवंगीची शेवटची होती. बाकीच्यांची त्याच्या आधीच.”

“मग आज सगळे तोंड फिरवून का बसलात?”

तिने वर्गाकडे पाहिलं. गलका थांबला होता. “पेपरापुरती कट्टी केली, सर. आमची बट्टी असली की सांगितलंच जातं एकमेकांना. ठरवावं लागत नाही, आपोआप होतं. आणि मग तुम्हाला काढून कवायतीचे सर आले असते. सगळ्या शाळेला माहीत आहे ते.”

मी त्यांची भांडणं मोजत, जपत, तक्त्यात मांडत फिरत होतो. आणि ही पोरं मला वर्गात ठेवायचं म्हणून एकमेकांशी बोलायची थांबली होती. मला एकदम भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी पाचव्या प्रश्नावरून रागावायला सुरुवात केली. लवंगीला म्हणालो, एवढा सोपा प्रश्न कोरा कसा ठेवलास?

“येत नव्हता, सर,” लवंगी म्हणाला. “याचा पेपर उघडाच होता माझ्याकडे. दप्तराच्या कडेने सगळं दिसत होतं. मग मी डोळे मिटून बसलो.”

“मी मुद्दामच झाकला नव्हता,” जिराफ खाली बघत म्हणाला. “म्हटलं, बघायचं असलं तर बघू दे. मी सांगितलं नाही, सर. नुसता झाकला नाही.”

मी बरं म्हणालो आणि बाहेर आलो. समितीचा अध्यक्ष म्हणून त्यावर काही बोलायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर तपासायला बसलो. लवंगीचा पेपर आला. पाचव्या प्रश्नाखाली कोरी जागा होती. नियमाप्रमाणे तिथे शून्य देणं भाग होतं आणि मी ते दिलं. फक्त घाईने दिलं नाही. पेनाचं टोक पुसलं, मनगट टेकवलं आणि सावकाश, कुठे कोन येऊ न देता, रेघेला रेघ बरोबर जुळवून काढलं. बायको शेजारी उभी होती. एका शून्याला इतका वेळ का लागतो, असं तिने विचारलं. मी म्हणालो, थांब जरा, हे चांगलं यायला हवं.